संगणकातील रुग्णनोंदी विनाविलंब कशा सापडतील?

शिरूर व दौंड तालुक्यांत आपल्यापैकी अनेकांचे चिकित्सालय घरालाच लागून असल्याने घरचा संगणक हेच रुग्णनोंदींचे दप्तर झाले आहे. रांजणगाव वा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, ऊसतोडणीच्या हंगामापुरते भीमाकाठी आलेले मजूर असे रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा त्यांच्याजवळ जुना कागद क्वचितच असतो. मागील खेपेस भल्लातक कल्पाने अंगावर पुरळ उठले होते, ही नोंद संगणकात असूनही ती शोधण्यास दहा मिनिटे लागत असतील, तर नोंद असून नसल्यासारखीच होय.

शोधास विलंब होण्याचे मुख्य कारण असे की, सूची नसेल तर संगणक प्रत्येक फाइल उघडून आरंभापासून वाचतो. जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कमध्ये वाचनशीर्ष प्रत्येक फाइलकरिता जागा बदलते. हजारो लहान फाइली असल्या की वेळ त्यातच जातो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिसऱ्याच अध्यायात पाच स्थानांतील १२० अध्यायांची यादी दिली आहे, ती कशासाठी हे अध्ययन करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. विंडोजमध्येही अशी सूची तयार करण्याची सोय आहे.

मात्र येथे एक मेख आहे. मूळ व्यवस्थेत ही सूची ‘डॉक्युमेंट्स’सारख्या ठरावीक फोल्डरांचीच होते आणि आपल्याकडे तर ‘सी ड्राइव्ह बिघडला तरी काम राहावे’ म्हणून सर्व नोंदी डी ड्राइव्हवर ठेवण्याची रीत आहे! त्याकरिता स्टार्ट मेनूत ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ शोधावे व ‘मॉडिफाय’वर टिचकी मारून नोंदींचा फोल्डर निवडावा. संपूर्ण ड्राइव्ह निवडू नये, अन्यथा लग्नाची छायाचित्रे आणि चित्रपटही सूचीत शिरतात. केवळ फाइलीचे नाव शोधावयाचे असल्यास ‘एव्हरीथिंग’ हा विनामूल्य प्रोग्राम उत्तम. तो डिस्कवरील फाइलींची मूळ नोंदवहीच वाचत असल्याने नाव टंकित होत असतानाच उत्तर देतो. खर्चाची तयारी असेल तर हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसवावी. आमच्या मते जुन्या संगणकावर केलेला याहून सार्थ खर्च नाही.

एवढे करूनही मराठी शब्द सापडत नाही, अशी तक्रार उरते. तिचे मूळ निराळे आहे. २००० च्या दशकात आपल्यापैकी बहुतेकांनी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत लेखन केले. या फाँटांच्या जुन्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. डोळ्यांना ‘भल्लातक’ दिसते, परंतु संगणकाच्या लेखी तेथे निरर्थक रोमन अक्षरांची माळ असते. आज युनिकोडमध्ये टंकित केलेला ‘भल्लातक’ तिच्याशी जुळणार कसा? अशा फाइली फाँट-परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणणे हाच उपाय आहे. प्रथम मूळ प्रत जतन करावी. परिवर्तनात जोडाक्षरे व रफार बिघडण्याचा संभव असल्याने औषधनामे व मात्रा स्वतः ताडून पाहाव्यात. हे काम टंकलेखकावर सोपवू नये. स्कॅन केलेली केसपेपरे तर संगणकास निव्वळ चित्रेच वाटतात. त्यांतील मजकूर शोधात येत नाही, म्हणून निदान फाइलीचे नाव तरी अर्थपूर्ण द्यावे.

नावाची पद्धत आम्ही सुचवितो ती अशी: आधी वर्ष, मग महिना व दिनांक, नंतर नोंदणी क्रमांक, शेवटी व्याधी. वर्ष प्रथम असल्याने फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. रुग्णाचे नाव फाइलीच्या नावात नको, कारण घरचा संगणक मुलेही हाताळतात. इंग्रजी व देवनागरी अंकांचे संकेतांक संगणकात भिन्न असल्याने दोहोंपैकी एकच प्रकार कायम ठेवावा. ‘अम्लपित्त’ आणि ‘आम्लपित्त’ यांपैकीही एकच रूप ठरवावे. अनुपशय आढळल्यास ‘वर्ज्य’ हा शब्द व त्यापुढे द्रव्याचे नाव प्रत्येक वेळी त्याच रीतीने लिहावे, म्हणजे नोंदणी क्रमांकासह तो शब्द शोधताच काय टाळावयाचे ते समोर येते.

सूची प्रथम तयार होण्यास फाइलींच्या संख्येनुसार काही तास लागू शकतात व तोवर शोध अपुरा राहतो. म्हणून हे काम रात्री लावावे. लॅपटॉप असल्यास तो विजेला जोडलेला असावा, कारण बॅटरीवर सूचीचे काम मंदावते.