विहाराची जागा : विनयपिटकातील दोन अटी

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांतून लोकवर्गणीने विहार उभे राहिले. त्यांपैकी अनेकांची आज पुनर्बांधणी होत आहे. सभागृह मोठे करण्यासाठी अंगणातील झाड तोडावे काय, हा प्रश्न अशा वेळी विहार समितीपुढे येतो. या प्रश्नाचा विचार विनयपिटकात झालेला आहे.

संघादिसेसाच्या सातव्या शिक्षापदाची निदानकथा कोसंबीची आहे. एका उपासकाने छन्न भिक्खूसाठी विहार बांधून देण्याचे ठरविले आणि जागा निवडण्यास सांगितले. जागा मोकळी करताना छन्नाने लोकांना पूज्य असलेला एक वृक्ष तोडविला. लोक संतप्त झाले. वृक्षात जीव असतो, अशी त्यांची धारणा होती. भगवान बुद्धांनी तिचा उल्लेख लोकांची धारणा म्हणूनच केला. वृक्षपूजेचा पुरस्कार केला नाही. तरीही त्यांनी दोष दिला तो छन्नालाच. दाता मिळाला, एवढ्याने बांधकामाचा अधिकार प्राप्त होत नाही. आधी भिक्खूंना नेऊन जागा दाखवावी व त्यांची संमती घ्यावी, असा नियम त्यांनी घालून दिला.

त्या जागेस दोन अटी आहेत. पहिली ‘अनारम्भ’ : तेथे मुंग्या, वाळवी, उंदीर, साप, विंचू इत्यादी प्राण्यांचे वसतिस्थान नसावे, ती शेताला वा स्मशानाला लागून नसावी. दुसरी ‘सपरिक्कमन’ : जुंपलेली गाडी किंवा शिडी सभोवार फिरविता येईल, एवढी मोकळी जागा इमारतीभोवती असावी. पहिली अट इतर जिवांची दखल घेते, तर दुसरी माणसांना वावरण्यास अवकाश देते.

हे नियम भिक्खूंसाठी आहेत. उपासकांच्या समितीवर ते बंधनकारक नाहीत. परंतु त्यांमागील दृष्टी आपल्यालाही मार्गदर्शक आहे. भूखंडाच्या चारही कडांपर्यंत स्लॅब नेला की चंक्रमणास जागा उरत नाही, मुलांना सावली मिळत नाही आणि पावसाचे पाणी गटारात जाते.

आपल्या पूर्वसूरींनी पाण्याचाही विचार केला होता. चुल्लवग्गात ‘लेण’ या नावाखाली पाच प्रकारची निवासस्थाने सांगितली आहेत. आपला ‘लेणे’ हा शब्द त्याच कुळातला. मुंबईजवळील कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी असून अनेक लेण्यांच्या दाराशी पाण्याची टाकी कोरलेली आहे. खडकात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी तेथे येई. आजचा हिशेबही सोपा आहे. शंभर चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १००० लिटर पाणी जमा होऊ शकते.

संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तात उपवने व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई व विहीर करणारे आणि निवारा देणारे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असे सांगितले आहे. वृक्ष, पाणी आणि निवारा यांचा तेथे एकत्रच उल्लेख आहे. म्हणून नकाशा मंजूर करण्यापूर्वी समितीने सर्व उपासक-उपासिकांना जागेवर न्यावे, झाड व मोकळी जागा आधी आखून घ्यावी आणि उरलेल्या जागेत भिंती बसवाव्यात. सभागृह थोडे लहान झाले तरी हरकत नाही. गर्दीच्या दिवशी उरलेली माणसे झाडाखाली बसतील.