पंचवीस की चाळीस?

मालवणहून मामाचा फोन आला तेव्हा मी देवनहळ्ळीच्या घराच्या गच्चीवर पपनस सोलत होतो. इथली पपनसं नावाजलेली. 'देवनहळ्ळी चक्कोता' म्हणून त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. २००८ साली शेजारी विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून डोक्यावर सतत विमानांची घरघर असते. त्या घरघरीतून मामा ओरडून सांगत होता, "होडी ओहोटीत पुढे सरकणा नाय रे. सगळे म्हणतत चाळीसचा मशीन लाव. तू इंजिनियर मा, मगे तूच सांग."

मामाची होडी फायबरची, २२ फुटी, वीसेक वर्षांची. मागच्या फळीवर ९.९ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून तो मासेमारीला बाहेर पडतो आणि हंगामात पाहुण्यांनाही फिरवतो. भरल्या होडीने ओहोटीविरुद्ध मुखातून आत यायचं म्हटलं की मशीन पुरं पिळूनही काठावरचा माड डोळ्यांसमोरून हलत नाही. ढग आलेले असताना अशी वेळ आली, तर तो नुसता वेळेचा खोळंबा राहत नाही, जिवाशी गाठ पडते. म्हणून मी हा प्रश्न नातेवाइकाचं काम म्हणून घेतला नाही. माझी नोकरी विमानांच्या इंजिनांच्या देखभालीतली, तरी होडीचं शास्त्र मला पहिल्यापासून शिकावं लागलं.

पाण्यातून चालणारी होडी स्वतःच लाटा उभ्या करते. वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढते, आणि एका टप्प्यावर लाट होडीएवढी लांब होते. नाळ एका उंचवट्यावर, मागची बाजू त्यामागच्या उंचवट्यावर. यापुढे वेग वाढवायचा म्हणजे स्वतःच उभ्या केलेल्या लाटेचा चढ चढायचा. ही मर्यादा पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरते: त्या फुटांचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की नॉटमध्ये वेग मिळतो. मामाच्या होडीची पाण्यातली लांबी २० फूट, म्हणून साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. एवढ्या वेगाला टनामागे चार-पाच अश्वशक्ती पुरतात. त्यामुळे ९.९ चं मशीन कागदावर मुळीच कमी नव्हतं.

या मर्यादेच्या आत राहून किती थोड्या शक्तीत काम होतं, याचं केरळातलं उदाहरण मला फार आवडतं. वैक्कम ते तवणक्कडवू या जलमार्गावर २०१७ साली 'आदित्य' ही सौरऊर्जेवरची फेरीबोट सुरू झाली. ७५ प्रवासी, लांबी २० मीटर, आणि मोटारी दोन, प्रत्येकी २० किलोवॅटच्या. दोन्ही मिळून सुमारे ५४ अश्वशक्ती. मामाला सात माणसांसाठी चाळीस सांगितले जात होते. 'आदित्य'ला हे जमतं, कारण तिचे दोन सांगाडे लांब आणि निमुळते आहेत, आणि तिला घाई नाही.

पण कर्लीच्या मुखाशी घाई असते. ओहोटीचा जोर ३ नॉट धरला, तर ६ नॉटच्या होडीला जमिनीच्या हिशेबाने ३ नॉटच उरतात. तेव्हा दुसरा मार्ग म्हणजे लाटेचा चढ ओलांडून होडी पाण्यावर उचलून घेणं. सपाट तळाची होडी पुरेशा जोराने ढकलली की पाणी तिला खालून उचलतं, ती घसरत चालते. इथे लांबीपेक्षा वजन महत्त्वाचं. जॉर्ज क्राऊच या अमेरिकन नौका-रचनाकाराचं सूत्र यासाठी वापरतात: एका अश्वशक्तीच्या वाट्याला किती पौंड येतात ते काढायचं, त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याने एका ठरावीक आकड्याला भागायचं. साध्या होडीसाठी तो आकडा १५०, उत्तर ताशी मैलांत.

माणसं, इंधन, बर्फ, जाळी धरून मामाची होडी १२०० किलो मानली, तर २५ अश्वशक्तीला सुमारे साडेबारा नॉट येतात आणि ४० ला सोळा. ओहोटीचे ३ नॉट वजा करा: साडेनऊ आणि तेरा. अश्वशक्ती दीडपटीहून जास्त, पाण्यातला वेग मात्र सुमारे सव्वापट. मामाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण तेरा जास्तच ना?" जास्तच. प्रश्न ते तेरा नॉट कुठल्या फळीवर लटकवायचे, हा होता.

या टप्प्यावर मला बंगळूरच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या संग्रहालयातलं 'मारुत' आठवलं. त्याच्यासमोर मी अनेकदा थांबलो आहे. एचएफ-२४ मारुत, जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली इथे बंगळूरात आखलेलं लढाऊ विमान. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी त्याचं पहिलं उड्डाण केलं. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न ठेवून सांगाडा आखला होता, पण ज्या ऑर्फियस इंजिनावर भिस्त होती त्याची अधिक ताकदीची आवृत्ती पुरी झालीच नाही. हाताशी उरलं ऑर्फियस ७०३, दोन बसवली, प्रत्येकी साधारण २२०० किलो रेट्याची. सुंदर सांगाडा, अपुरी शक्ती.

मग बदली इंजिनाचा शोध सुरू झाला. इजिप्तमध्ये फर्डिनंड ब्रांडनर यांच्या ई-३०० इंजिनाची १९६७ साली मारुतवर उडवून चाचणी झाली, पण इजिप्तचा तो प्रकल्पच पुढे बंद पडला. इथे ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडून पाहिला. रेटा वाढला, पण शेपटीकडचा भाग रुंद झाला आणि हवेचा विरोधही वाढला. त्याच प्रकारच्या नमुन्याच्या चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. बंगळूरातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे, मी त्या रस्त्याने जातो तेव्हा गाडी आपोआप हळू होते. मारुतं १४७ बांधली गेली, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर ती चोख लढली. शक्ती कमी पडली, सांगाडा कधीच नाही.

मामाच्या होडीत उलटं असू शकत होतं, ही शंका मला तिथून आली. वीस वर्षांपूर्वी हेच ९.९ चं मशीन हीच माणसं घेऊन हीच खाडी चढत होतं. मग बदललं काय?

जून आणि जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सुटी काढून मालवणला गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होडी चढवून आम्ही ती वाळू-चिऱ्याच्या गाड्या तोलणाऱ्या काट्यावर नेली. रिकामा सांगाडा ५५० किलोच्या आसपास असायला हवा होता, काट्याने ७३० दाखवले. मामाचा विश्वास बसेना. पुन्हा तोलली, तेवढेच. मग त्याने स्वतः ड्रिलने तळाच्या दुहेरी फरशीला मागच्या बाजूला भोक पाडलं. आधी थेंब, मग धार. होडी बुडू नये म्हणून फरशीखाली भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी पीत होता. दीडशे किलोहून जास्त पाणी, म्हणजे दोन न दिसणारे उतारू, जे कधी उतरतच नव्हते. मामा भोकाशेजारी उकिडवा बसून बराच वेळ ती धार पाहत राहिला.

तळाला शंख-शिंपल्यांचा जाड थर होता, तोही खरवडला. घासणीचा विरोध कमी लेखू नये. खडबडीत तळ गुळगुळीत तळापेक्षा बरीच जास्त शक्ती खातो. पंख्याची एक पात वाकलेली होती. आणि मागची फळी ठोकून पाहिली तर एका कोपऱ्यात आवाज बोद आला. फायबरच्या आत प्लायवुड असतं, बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते कुजतं. चाळीसच्या फोर-स्ट्रोकचं वजन शंभर किलोच्या जवळ जातं, पंचवीसचं साठ-सत्तर. जुनं मशीन चाळीस किलोचंही नव्हतं. शंभर किलो मागे लटकले की नुसती फळी ओढली जात नाही, होडीचा मागचा भाग बसतो, नाळ वर येते, आणि लाट मागून आत येण्याचा धोका वाढतो. होडी बांधणाऱ्याने मूळ पट्टीवर कमाल ३० अश्वशक्ती लिहिलं होतं. ती पट्टी रंगाच्या तीन थरांखाली सापडली आणि चाळीसचा विषय तिथेच संपला.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर धक्क्यावर रोज संध्याकाळी चर्चा झाली. टू-स्ट्रोक हलकं, सुट्या भागांचं सोपं, कोणीही उघडून बसवणारं. पण जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोकमध्ये जळण्याआधीच इंधनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त धुरासोबत निघून जातो. पाण्यावर दिसणारी ती रंगीत साय म्हणजे मच्छीमाराचे पैसेच. दिवसाला तीन-चार तास मशीन चालवणाऱ्याला फोर-स्ट्रोकची जादा किंमत काही हंगामांत भरून येते. महिन्याला दोनदाच बाहेर पडणाऱ्याला मी टू-स्ट्रोकच सांगितलं असतं. मामा रोज जातो.

पंचवीसच्या नव्या फोर-स्ट्रोक मशीनचा दांडा किती लांब, हे फळीची उंची मोजून ठरवलं. १५ इंचाला आखूड, २० इंचाला लांब. मशीनच्या पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला आली पाहिजे. ती वर राहिली तर पंखा हवा खातो. नोंदणीपत्रात मशीनची शक्ती लिहिलेली असते, म्हणून तो बदलही करून घेतला. फळी नवी बसवली, फोम काढून बंद पेशींचा भरला.

नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरलो. विकणाऱ्याने दिलेल्या पंख्यावर सात माणसांनी पूर्ण थ्रॉटलला मशीन ४७०० फेऱ्यांवर अडलं. पुस्तकात ५००० ते ६००० लिहिलेलं. म्हणजे पंख्याचा पेच जास्त तिरका, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अडलेल्या गाडीसारखं. पेच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात. दोन इंच कमी पेचाचा पंखा लावला, ५१०० दिसले. तरी सात माणसांनी होडी नाळ वर करून अडखळायची. दोघांना पुढे बसवलं की मग तिने पाणी सोडलं. सहा माणसांत ती न सांगता उचलली जाते.

"म्हणजे सहाच घ्यायचे," मामा म्हणाला.

जुनं ९.९ त्याने विकलं नाही. पंखा सरळ करून, कार्बोरेटर साफ करून, ते आता नव्या मशीनशेजारी फळीच्या उजव्या अंगाला ठेवलेल्या कंसात चढतं. त्यावर ३५ किलो वाढतात, पण नदीच्या मुखाशी एकच मशीन घेऊन जायला तो आता तयार नाही, आणि ते वजन मी हिशेबात धरलं आहे.