रात्रीच्या फोटोत लाल-हिरवे ठिपके? ड्रोन म्हणण्याआधी कॅमेरा झाकून बघा

रात्री काढलेल्या फोटोत आभाळात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसले की गावच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यापासून मराठवाड्यापर्यंत रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने गावंच्या गावं जागी होती, पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती. अशा वेळी एक चुकीचा फोटोही पुरे होतो आणि रस्त्याने जाणारा परका माणूस फुकट मार खातो. यातले बरेच ठिपके मात्र आभाळात नसतातच, ते मोबाईलच्या आत तयार होतात.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उजेड मोजणारे बारीक कप्पे असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. ५० मेगापिक्सेल म्हणजे ५ कोटी कप्पे. एवढ्यात थोडे गळके निघणारच. गळका नळ मिनिटभरात लक्षात येत नाही, पण रात्रभर खाली बादली ठेवली की सकाळी भरलेली दिसते. तसंच हे. दिवसाचा फोटो सेकंदाच्या शंभराव्या भागात निघतो, तेव्हा गळती कळत नाही. रात्री प्रो मोडमध्ये शटर १० किंवा ३० सेकंद उघडं ठेवलं, की उजेड नसतानाही त्या कप्प्यात विजेचा भार साठतो आणि फोटोत ठिपका उठतो. याला हॉट पिक्सेल म्हणतात. प्रत्येक कप्प्यावर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो, म्हणून ठिपकाही त्याच रंगाचा. नेमके ड्रोनचे दिवेही लाल-हिरवेच असतात, तिथेच घोळ होतो.

ओळखायचं कसं? फोन गरम आहे तोवरच, सेटिंग न बदलता, कॅमेऱ्याची बाजू खाली करून फोन टेबलावर ठेवा, वरून जाड कापड टाका आणि आणखी एक फोटो काढा. काळ्या फोटोत त्याच जागी तेच ठिपके दिसले तर दोष कॅमेऱ्याचा. खांबावरचा दिवा फोटोत असेल तर त्याच्या समोरच्या बाजूला हिरवट ठिपका उमटतो, ते लेन्समधलं प्रतिबिंब असतं. दोन्ही नसेल आणि तरी शंका वाटत असेल तर ११२ ला फोन करा, फोटो फॉरवर्ड करत बसू नका.

दुसरी तक्रार असते फोटो वाळू पसरल्यासारखा खरखरीत येण्याची. त्याला नॉईज म्हणतात. उजेड कमी पडला की तो येतो. आयएसओ वाढवून उजेड वाढत नाही, आहे तेवढाच मोठा करून दाखवला जातो, त्याबरोबर खरखरही मोठी होते. हॉट पिक्सेल जागा सोडत नाही, ही खरखर मात्र दर फोटोत वेगळी असते. म्हणून एकाच दृश्याचे १६ फोटो काढून त्यांची सरासरी काढली तर ती साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. फोनचा नाईट मोड असंच काहीसं आपोआप करतो, म्हणून साध्या फोटोला तोच वापरावा.

उष्णता हे मुख्य कारण. ढोबळमानाने सेन्सर ६ ते ८ अंश तापला की गळती दुप्पट होते. त्यामुळे चार्जिंगला लावून किंवा पॉवर बँक जोडून असे फोटो काढू नयेत. मागचं कव्हर काढावं, दोन फोटोंमध्ये मिनिटभर थांबावं. फोन फ्रीजमध्ये ठेवायचा उद्योग कोणी करू नये, बाहेर काढला की आत दव धरतं.

मोठ्या कॅमेऱ्यात लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन ही सोय असते. ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी ३० सेकंदांचा काळा फोटो घेतो आणि त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करतो. वेळ दुप्पट लागतो. भंडारदरा, पुरुषवाडीकडे जूनच्या तोंडावर काजवे टिपायला जाणाऱ्यांनी ही सोय बंद ठेवलेली बरी, नाहीतर निम्मी लुकलुक निसटते. काळा फोटो शेवटी एकदाच काढून ठेवावा, घरी संगणकावर वजाबाकी करता येते.

थोडेफार ठिपके आले म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून कॅमेरा बदलायला पैसे घालू नका. मिरवणुकीतल्या लेझरचं मात्र वेगळं. तो किरण थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर जळतो आणि दिवसाच्या फोटोतही कायमची रेघ उमटते. तिथे सेन्सर बदलण्यावाचून इलाज नाही.