आईच्या लुगड्यांची गोधडी

लग्न ठरले की घरात याद्या सुरू होतात. माझ्या भाचीचे लग्न ठरले, तेव्हा आहेराच्या यादीत माझ्या नावापुढे मीच लिहिले, ‘गोधडी’. वहिनींनी ते वाचले आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

“वन्सं, लग्नात जुनेर द्यायचं? व्याहीमंडळी काय म्हणतील?”

त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मंगलकार्यात कोरे वस्त्र द्यावे ही आपली रीत. पण गोधडीला कोरे कापड मानवत नाही. त्यातल्या खळीने सुई अडते. शिवाय निरनिराळी कापडे पहिल्याच धुण्यात कमीअधिक आटतात आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. वर्षानुवर्षे धुतलेले सुती लुगडे आटायचे तेवढे आटून गेलेले असते. ते अंगाला मऊ लागते, आणि थराथरांत हवा अडकून राहते म्हणून ऊबही देते. कोल्हापूर-सांगलीकडे हिलाच वाकळ म्हणतात. बंगालची कांथा जुन्या साड्यांचीच. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात, आणि कोपऱ्यांना चिंध्यांची ‘फुले’ लागल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत.

हे सारे मी वहिनींना ऐकवले. त्या म्हणाल्या, “बंगालचं राहू द्या. आपल्या व्याह्यांचं बोला!”

आईची लुगडी माळ्यावरच्या ट्रंकेत होती. ती गेल्यापासून चार वर्षे ट्रंक कोणी उघडली नव्हती. दादाने ती खाली काढली. वरचेच हिरवे लुगडे उलगडले, तर ते घडीघडीवर विरलेले. घडी वर्षानुवर्षे मोडली नाही, की त्याच रेघेवर सूत कमजोर होते. वहिनी कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिल्या. “मी तर जपून ठेवलं होतं हो,” एवढेच म्हणाल्या. मग स्वतःच त्यांनी तीन धड लुगडी निवडून बाजूला काढली.

पण कात्री लावणार कोण? मी वहिनींकडे पाहते, वहिनी माझ्याकडे. शेवटी दादाने कडेला एक चीर दिली आणि कापड टर्रकन फाडले. आई असेच फाडायची. तो आवाज ऐकून आम्ही तिघेही जरा वेळ गप्प बसलो.

हिशेब सोपा आहे. नऊवारी लुगड्याची लांबी २७ फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की एकेक पावणेसात फुटांचा होतो. पन्हा ४५ इंच असला, तर दोन तुकडे शेजारी जोडून साडेसात फूट रुंदी मिळते. म्हणजे एका लुगड्यात दोन थर, तीन लुगड्यांत सहा. थर जमिनीवर एकावर एक नीट पसरावेत, हाताने सारखे करावेत, कच्चे टाके घालून घ्यावेत आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करावा. रांगा फिरत फिरत मध्यावर येतात. दोन रांगांत पाऊण इंच अंतर धरले, तर टाक्यांची वाट २७० वार भरते. अर्ध्या इंचाला एक टाका म्हटला तरी टाके एकोणीस हजारांवर जातात!

दिवाळीनंतर मी शिवायला बसले. चौथ्या दिवशी वहिनी समोर येऊन बसल्या आणि दुसऱ्या कडेने सुई घातली. माझे टाके लांब, त्यांचे आखूड. मी काही बोलले नाही. आईचे आणि वहिनींचे फारसे पटले नव्हते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. आईचे अंथरुणातले शेवटचे दीड वर्ष वहिनींनीच काढले, हेही ठाऊक होते.

पौषात रांगा मध्यावर आल्या. मधोमध वीतभर जागा उरली, तेव्हा वहिनी उठून आपल्या कपाटातून एक आमरशी लुगडे घेऊन आल्या.

“मी नवीन आले, तेव्हा पहिल्या सणाला सासूबाईंनी आपलं हे नेसतं लुगडं मला दिलं होतं. मला राग आला होता. सुनेला जुनेर देतात, असं वाटलं. मी ते कधी नेसलेच नाही.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “परवा जुना फोटो पाहिला. त्यांच्या स्वतःच्या मंगळागौरीत हेच नेसलेल्या आहेत.”

या वेळी कात्री त्यांनी चालवली. तो तुकडा गोधडीच्या मधोमध बसवला.

माघात लग्न झाले. आहेर पाहताना विहीणबाईंनी गोधडी मांडीवर घेतली, टाक्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “यात दोन हात दिसतात!”

“त्यातला एक माझा,” वहिनी चटकन म्हणाल्या.

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावरची ट्रंक खाली उतरली असेल. ती पुन्हा वर चढवण्याआधी आतल्या घड्या तेवढ्या उलगडून पाहा.