मागून येणारी झील

लहानपणी यात्रेतल्या तमाशाला आम्हा पोरांना पुढं जागा मिळायची नाही. पुढच्या रांगा मोठ्या माणसांच्या. आम्ही बोर्डाच्या, म्हणजे तमाशाच्या रंगमंचाच्या, कडेनं सरकत सरकत जवळजवळ पाठीमागेच जाऊन बसायचो. तिथून नाचणारीचा चेहरा दिसायचा नाही, सोंगाड्याच्या निम्म्या गमती निसटायच्या. पण झील, म्हणजे गाण्याची ओळ मागून उचलणारी साथ, मात्र आमच्या वाट्याला पुरेपूर यायची. झील धरणारे सुरत्ये चार हातांवर उभे असायचे. तुणतुण्याची तार कानाशी वाजायची, झांज तिच्या पलीकडे, ढोलकी आणखी पुढे आणि गाणारीचा आवाज त्या सगळ्यांच्या पलीकडून, आमच्याकडे पाठ करून लोकांकडे निघालेला. आवाजालाही पुढची आणि मागची बाजू असते, हे मला तिथं कळलं.

हे पुन्हा आठवलं ते बऱ्याच वर्षांनी, मंचरला एका मित्राच्या खोलीत. त्यानं पाच स्पीकर खोलीभर मांडले होते, सहावा खर्जाचा कोपऱ्यात ठेवला होता. त्यानं लावलं पिंक फ्लॉइडचं ‘द डार्क साइड ऑफ द मून’. मूळ अल्बम १९७३ चा. आम्ही ऐकत होतो ते जेम्स गथ्री यांनी केलेलं २००३ चं सराउंड मिश्रण. घड्याळांचे टोल चहूबाजूंनी पडू लागले आणि मी मान वळवून मागं पाहिलं. हेच गाणं मी कॅसेटवर शंभरदा ऐकलं होतं. पण आत उभं राहून पहिल्यांदाच ऐकत होतो.

तेव्हापासून मी जुन्या अल्बमांच्या अशा नव्या मिश्रणांची वाट पाहणाऱ्यांच्या जमातीत आहे. २०२५ साली आमची नजर १२ डिसेंबरवर होती. पिंक फ्लॉइडच्याच ‘विश यू वेअर हिअर’ला त्या वर्षी १२ सप्टेंबरला पन्नास वर्षं झाली होती आणि गथ्री यांनीच केलेलं त्याचं डॉल्बी अ‍ॅटमॉस मिश्रण १२ डिसेंबरला यायचं होतं. गमावलेल्या सोबत्याच्या उणिवेवर उभा असलेला हा अल्बम. बँडचा पहिला म्होरक्या सिड बॅरेट मनाच्या आजारानं दूर गेला होता. १९७५ च्या जूनमध्ये तो अचानक अ‍ॅबी रोड स्टुडिओत आला, तेव्हा जुन्या सोबत्यांनाही आधी ओळखू आला नाही. अशा अल्बममध्ये कुठला आवाज जवळ येईल, कुठला लांब जाईल, याची उत्सुकता मला झोपू देत नव्हती.

चार कोपऱ्यांपासून छतापर्यंत

आवाज श्रोत्याभोवती फिरवायचा, ही कल्पना जुनी आहे. १२ मे १९६७ ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइडनं एक दांडीचं यंत्र वापरलं. ‘अ‍ॅझिमथ को-ऑर्डिनेटर’ त्याचं नाव. दांडी फिरवली की आवाज सभागृहाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाई.

सत्तरच्या दशकात हीच गोष्ट घराघरांत नेण्याचा प्रयत्न झाला. चार स्पीकरांचा ‘क्वाड्रोफोनिक’ प्रकार आला. अ‍ॅलन पार्सन्स यांनी ‘डार्क साइड’चं चार वाटांचं मिश्रण केलं. पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट चालेना. गिऱ्हाईक कंटाळलं आणि दशक सरता सरता तो प्रकार मोडीत निघाला.

मग सिनेमाच्या मागून डीव्हीडी आली आणि तिच्याबरोबर पाच अधिक एक स्पीकरांची मांडणी घरात रुळली. २०१२ साली अ‍ॅटमॉस आलं. त्यात प्रत्येक आवाजाला स्पीकर ठरवून देण्याऐवजी जागेचा पत्ता देतात: डावीकडे, मागे, डोक्यावर. ऐकणाऱ्याकडे जितके स्पीकर असतील, तितक्यांत यंत्र तो पत्ता शोधून काढतं.

आपल्याकडे ही ओढ सिनेमागृहात भागली. १९७५ च्या ‘शोले’च्या सत्तर मिलिमीटरच्या प्रतींना स्टिरिओफोनिक ध्वनी होता, तो ऐकायला माणसं तालुक्याहून शहरात गेली. २०२५ साली त्यालाही पन्नास वर्षं झाली आणि त्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात त्याची नव्यानं सिद्ध केलेली प्रत दाखवली गेली. तमाशाच्या दुनियेवरचा १९७२ चा ‘पिंजरा’ही २०१६ साली डिजिटल रूप घेऊन पुन्हा पडद्यावर आला. राम कदमांचं संगीत ऐकत मोठी झालेली माणसं नातवंडांना घेऊन गेली. ध्वनीची वाट पाहणं ही काही परदेशी हौस नाही.

सुट्या फितींची किमया

नवं मिश्रण होतं कसं, हे कळलं की वाट का पाहावी लागते तेही कळतं. सत्तरच्या दशकातले रॉकचे अल्बम ध्वनिमुद्रित झाले तेव्हा रुंद फितीवर सोळा किंवा चोवीस समांतर पट्टे असत. एका पट्ट्यावर फक्त ड्रम, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर गळा. शेवटी हे सगळं दोन वाटांत ओतून तबकडी निघे. पण सुटे पट्टे कपाटात राहिले. पन्नास वर्षांनी कुणी ते काढून यंत्रावर चढवले, तर ड्रम मागं ठेवता येतात, कोरस डोक्यावर नेता येतो.

या कामात स्टीव्हन विल्सन यांचं नाव सर्वांत पुढं आहे. २००९ साली किंग क्रिम्झनच्या अल्बमांपासून त्यांनी सुरुवात केली. पुढं जेथ्रो टलचं ‘अ‍ॅक्वालंग’, येसचं ‘क्लोज टू द एज’ अशी रांगच लागली. त्यांची शिस्त मला फार भावते. आधी ते सुट्या पट्ट्यांपासून मूळच्यासारखंच दोन वाटांचं मिश्रण पुन्हा बांधतात. ते जमलं की मगच आवाज खोलीभर पसरतात. जुन्याचा मान राखायचा तर आधी ते स्वतःच्या हातानं उभं करता आलं पाहिजे.

आणि जिथं पट्टे हरवले तिथं हेच हात बांधले जातात. जेंटल जायंट या बँडच्या पहिल्या तीन अल्बमांमधल्या मोजक्याच गाण्यांच्या सुट्या फिती सापडल्या. म्हणून विल्सन यांचं २०१७ चं संकलन तेवढ्याच गाण्यांचं झालं. बाकीची गाणी आहेत, ऐकायलाही मिळतात, पण त्यांच्या आत शिरता येत नाही.

आता संगणक एकजीव झालेले आवाजही वेगळे काढू लागला आहे. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चं २०२२ चं मिश्रण त्याच वाटेनं झालं. ही मोठी झेप आहे. पण मायक्रोफोननं जे टिपलंच नाही, ते संगणक कुठून काढणार?

तमाशा पंढरीतला आवाज

इथं मला नारायणगावला यावंच लागतं. मीनेच्या काठचं हे गाव तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला फडमालक इथं राहुट्या टाकतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुट्या फिरतात, तारीख आणि बिदागी ठरवून सुपारी देतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. भाऊंची लेक विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मली, या मातीच्या नावानं ओळखली गेली, दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवली गेली आणि २००२ च्या जानेवारीत गेली. तिची परंपरा लेक मंगला बनसोडे यांनी पुढं नेली.

तमाशाची रचना कानानं पाहिली तर ती मुळातच चहूबाजूंच्या आवाजाची आहे. आधी ढोलकी आणि हलगीची लढत. मग गण. गणात म्होरक्या ओळ टाकतो आणि सुरत्ये मागून ती उचलतात. गवळणीत मावशीचा आवाज एका कडेनं येतो, पेंद्याचा दुसऱ्या. सवाल-जवाबात ढोलकीवाला जागा सोडून नाचणारीच्या पावलांपाशी जातो आणि चाळ नि थाप एका ठिकाणाहून ऐकू येतात. त्यात लोक भर घालतात: पुढून शिट्टी, मागून दाद, झाडावरून आरोळी. जुन्या रॉकवाल्यांनी दांडी फिरवून जे साधलं, ते आमच्या फडात पायांनी चालत होतं.

पण फितीवर यातलं काय उतरलं? आधी तीन-चार मिनिटांच्या तबकड्यांत गाणं कापून बसवावं लागे, तिथं रात्रभराच्या वगाला जागाच नव्हती. कॅसेटनं वेळ दिला. यात्रेत, एसटी स्टँडवर वगाच्या कॅसेटी विकल्या गेल्या, शेतावर, ट्रकमध्ये वाजल्या. या कॅसेटींनी तमाशा घरात आणला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मात्र त्यांत गाणारी पुढं आणि बाकी सगळे तिच्या मागं एकाच ढिगात. तुणतुणं झांजेत बुडालेलं, झील घोळक्यात विरलेली.

माझ्याकडं अशा एका वगाची कॅसेट होती. ती दुरुस्तीला दिली आणि फीत ताणली जाऊन गेली. त्यापेक्षा मोठं दुःख मला नंतर उमगलं: ती फीत सुखरूप असती, तरी तिच्यातून मला माझी पोरपणीची जागा परत मिळाली नसती. ती जागा तिच्यात नव्हतीच.

खोडद आणि तुळजा लेणी

आमच्या जुन्नर तालुक्याला सूर सुटे ठेवण्याचं मोल शिकवायची गरज नाही. नारायणगावपासून जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी, १६ तीन लांब हातांवर, सुमारे २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यात. त्या आवाज नव्हे, रेडिओ लहरी टिपतात. पण रीत ओळखीची आहे. प्रत्येक तबकडी आपली लहर स्वतंत्रपणे पाठवते आणि मग त्या जुळवून आकाशातल्या एका ठिपक्याचं चित्र उभं राहतं. सगळ्या लहरी वाटेतच एकात मिसळल्या असत्या, तर कुठली कुठून आली हे कधीच कळलं नसतं.

आणि चहूबाजूंनी येणारा आवाज ऐकायचा, तर जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यात एक गोल चैत्यगृह आहे. बारा खांबांचं कडं आणि मधोमध स्तूप. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कातळातच ठरवलं, की इथं माणसानं मधल्या वस्तूभोवती फिरायचं. तिथं हलक्या आवाजात बोललं तरी शब्द खांबांमागून वळून परत येतो. मी तिथं गेलो की थोडा वेळ गप्प उभा राहतो आणि मग एकदा गळा मोकळा करतो.

कुणी कुठं उभं राहायचं

म्हणून १२ डिसेंबरची वाट पाहताना माझ्या मनात दुसरीही एक वाट होती, ती अजून आहे. मावळ-मुळशीसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आज जगापुढं आहे, कारण कुणीतरी वेळेवर उंबऱ्यात जाऊन बसलं. तमाशाच्या ध्वनीसाठी असंच बसायला हवं.

काम आवाक्यातलं आहे. आठ मायक्रोफोन, आठ सुटे पट्टे आणि यात्रेतली एक रात्र. एक ढोलकीला, एक हलगीला, एक तुणतुण्याला, एक झांजेला, एक चाळांच्या पावलांशी, एक गळ्याला, एक झिलेला आणि एक लोकांसाठी. मिसळायची घाई नको. मिसळणारा पन्नास वर्षांनी जन्मेल तरी चालेल. फडाला पूर्ण बिदागी द्यावी, प्रत्येक वादकाचं नाव लिहावं आणि फितीवर त्यांचा हक्क राहावा.

आणि सोबत एक कागद असावा, ज्यावर बोर्डाचा साधा नकाशा काढलेला असेल. तुणतुणेवाला झांजवाल्याच्या डावीकडे की उजवीकडे? झील धरताना सुरत्ये पुढं सरकतात की जागच्या जागी राहतात? हे आज एखादा जुना सुरत्या बसल्या जागी, हातानं दाखवून सांगेल. त्याच्यामागं हे विचारायला कुणी उरणार नाही. आधी त्याच्याकडं जायचं, कागद पुढं करायचा आणि म्हणायचं, मामा, तुम्ही कुठं उभे राहायचा तेवढं दाखवा.