एक चित्र, दोन निदाने

गेल्या वर्षी एक गृहस्थ आमच्या चिकित्सालयात दोन अहवाल घेऊन आले. छातीच्या एकाच सीटी अँजिओग्राफीवर एका तज्ज्ञाने ‘फुप्फुसाच्या सूक्ष्म धमनीत रक्ताची गुठळी’ असे लिहिले होते, तर दुसऱ्याने ‘गुठळी नाही’ असे. “वैद्यराज, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या बंद करू का?” हा त्यांचा प्रश्न.

अशा मतभेदास निष्काळजीपणा म्हणणे उचित नव्हे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘पायोपेड’ या अमेरिकी अभ्यासात, फुप्फुसांच्या ज्या स्कॅनमध्ये गुठळीची संभाव्यता उच्च होती, त्यांविषयी तज्ज्ञांचे ९५ टक्के एकमत झाले. मध्यम व अल्प संभाव्यतेच्या स्कॅनविषयी मात्र २५ ते ३० टक्के प्रसंगी मते भिन्न राहिली. पुढे सीटी आली, तरी प्रश्न संपला नाही. डब्लिन येथील एका विद्यापीठ रुग्णालयात गुठळीचे निदान झालेल्या १७४ रुग्णांची चित्रे छातीच्या चित्रणातील तज्ज्ञांनी पुन्हा वाचली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ४५ जणांच्या चित्रांत त्यांना गुठळी दिसली नाही. सर्वांत लहान शाखांतील गुठळ्यांबाबत तर असा मतभेद ५९ टक्के होता. चित्रणावेळी श्वास हलला, तरी एवढ्या बारीक धमनीत गुठळीचा आभास होऊ शकतो.

चरकाचार्यांनी विमानस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान या तिहींनी रोगपरीक्षण करण्यास सांगितले आहे. २००६ सालच्या ‘पायोपेड-२’चे तात्पर्य याहून फारसे वेगळे नाही. लक्षणांवरून केलेला अंदाज व सीटी यांचा ठाम मेळ बसला, तर निष्कर्ष ९६ टक्के विश्वसनीय ठरतो. दोहोंत विसंगती असेल, तर पुढील तपासणी आवश्यक असते.

आम्ही त्या गृहस्थांचे पाय पाहिले. उजवी पोटरी सुजलेली व उष्ण होती. प्रवासानंतर पाय दुखतो म्हणून ते तिला रोज तेल चोळून घेत होते! अभ्यंग तत्काळ थांबविण्यास सांगून, गोळ्या चालू ठेवून, दोन्ही अहवालांसह आम्ही त्यांना त्यांच्या फिजिशियनांकडे पाठविले. डॉपलर तपासणीत पायाच्या खोल शिरेत गुठळी आढळली. सीटीविषयीचा वाद तसाच राहिला. उपचारांची दिशा मात्र निश्चित झाली.

वैद्यबंधूंनो, दोन अहवालांतील विरोध हा औषध थांबविण्याचा आधार नव्हे. तो रुग्णाकडे पुन्हा पाहण्याचा आदेश आहे.