मे महिन्यातलं अंदमान

उमरग्याहून अंदमानला जायचं तर हैदराबादचं विमानतळ सोयीचं. मित्रमंडळींचे बेत बहुधा मे महिन्याच्या सुट्टीवर ठरतात आणि हिरमोड तिथेच सुरू होतो. आपल्याकडे ऊन तापलेलं असतं, तेव्हा साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस अंदमानात पोचतो. समुद्र खवळला की स्वराज द्वीपच्या (जुनं हॅवलॉक) फेऱ्या रद्द होतात. तिथल्या मुक्कामाचे पैसे मात्र आगाऊ भरलेले असतात.

पोवळ्यांचंही तसंच. काचेच्या तळाच्या बोटीतून जाहिरातीतले रंग दिसतीलच असं नाही. पाणी फार तापलं की पोवळी अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकून पांढरीफटक पडतात. २०१०च्या उन्हाळ्यात अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. सहल विकणाऱ्यांनी हे आधी सांगायलाच हवं.

जॉली बॉय बेटासाठी वंडूरहून बोट असते. परवाना लागतो, प्लास्टिक चालत नाही. ही कडक शिस्त योग्यच आहे.

सूर्य तिथे उमरग्यापेक्षा तासभर आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधारून येतं, म्हणून किनाऱ्यावर सकाळीच जावं.